अक्काची बोली आणि मल्याळम सिनेमा

मंडळी, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

माझी मोठी बहीण, अक्का, पिंपळगाव रेणुकाईहून कालच अंबडला माझ्याकडे आल्ती. आज दुपारची जेवणं झाल्यावर मी मोबाईलवर एक मल्याळम सिनेमा लावला. त्यात दोन जावा घरामागं मासे साफ करत भांडत होत्या. पडद्यावर खाली येणाऱ्या मराठी ओळी मी तिला वाचून दाखवत होते. अक्का अगदी रंगून गेली.

मी कौतुकानं म्हटलं, "अक्का, तिकडं ज्या गावची गोष्ट, त्याच गावची बोली ठेवतात. म्हणून एवढं खरं वाटतं."

"मंग त्या बायांला नीट बोला म्हणून कोणी म्हणत न्हाई?"

"नाही."

ती मोबाईलकडे बघतच शांतपणे म्हणाली, "चांगलंय. तुझ्या लेकीच्या सोयरिकीला पुण्याचे पाव्हणे आल्ते, तवा तू मला म्हणली, अक्का, तू जास्त बोलू नको. मला वाटलं, माझं बोलणंच वाईट हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी सिनेमा थांबवला. माफी मागायची होती, ती राहूनच गेली.

"थांबली काऊन? लाव की पुढं," ती म्हणाली.

चारच्या एसटीनं अक्का गेली. त्या सोयरिकीला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती माझ्या घरी इतकी गप्प का असते, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

तुमच्या घरातही असं कोणी गप्प झालंय का?