खडूची वर्तुळं

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाईंना सगळे खडूताई म्हणतात. दुरुस्तीला आलेला कपडा उलटासुलटा करून त्यावरचा प्रत्येक डाग, प्रत्येक विरलेली जागा त्या शोधतात, भोवती निळ्या खडूने गोल काढतात आणि गिऱ्हाइकाला दाखवतात. "हे तुमच्याकडून आलंय," एवढंच म्हणतात. त्यामुळे कपड्यावरून त्यांचं कुणाशी कधी वाजलं नाही.

तीन वर्षांपूर्वी वरच्या दोन खोल्या त्यांनी एका नर्सबाईंना भाड्याने दिल्या. किल्ली देण्याआधी सवयीने तिथेही गोल काढले. भिंतीतली भेग, ओट्याखालचा ओलावा, कपाटामागचे पोपडे, काही सुटलं नाही. प्रत्येक गोलाशेजारी तारीख. करार आणि डिपॉझिट मात्र त्यांनी थोरल्या भावावर सोडलं. "दादा बघेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दादाने डिपॉझिट स्वतःच्या खात्यात भरलं, तेव्हाही त्यांना त्यात वावगं वाटलं नाही.

नर्सबाईंना आता दवाखान्याजवळ जागा मिळाली होती. सोमवारी दुपारपर्यंत तिथलं डिपॉझिट भरलं नाही, तर ती दुसऱ्याला जाणार होती. रविवारी सकाळी खोल्या घासूनपुसून त्या किल्ली हातात घेऊन खडूताईंसमोर उभ्या राहिल्या. सामान उतरवायला आम्ही शेजारीही जमलो होतो. दादा वहीपेन्सिल घेऊन आला आणि नुकसान मोजू लागला. भेग लिहिली, पोपडे लिहिले, ओलावा लिहिला. शेवटी म्हणाला की डिपॉझिटमधून काही परत मिळेल असं दिसत नाही.

नर्सबाई खडूताईंकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "काकू, तुमचे गोल मी पुसले नाहीत. रंग लावायला माणूस आला, तेव्हाही ती जागा सोडायला सांगितली."

"खडूच तो," दादा हसला. "काल रात्रीही काढता येतो."

कपाटाला खांदा लावून खडूताईंनी ते सरकवलं. मागे त्यांचाच गोल होता, त्यांच्याच तिरक्या अक्षरातली तीन वर्षांपूर्वीची तारीख. वळल्या तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता.

"डिपॉझिट कुठे आहे, दादा?"

दादा म्हणाला की ते गाडी घेण्यात गेलं. घर आपलं, मग पैसे परके कसे?

"माझ्याकडे शिवायला आलेलं कापड मी अंगावर घालून फिरते का? ते पडून असतं, म्हणून माझं होतं का? डिपॉझिट यांचं आहे. आपल्याकडे नुसतं ठेवायला दिलंय."

"लोकांसमोर असं बोलतेस?"

"लोकांसमोरच तू यांना चोर ठरवत होतास."

चिडलेल्या खडूताई मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. सोमवारी त्यांनी दुकान उघडलंच नाही. पतसंस्थेचं दार उघडायच्या आधी त्या दादाला घेऊन पायरीवर बसल्या होत्या. त्याने स्वतःची ठेव मोडली, पैसे घेतले आणि बहिणीच्या हातात द्यायला गेला. त्यांनी हात मागे घेतले. त्याला घेऊन त्या थेट दवाखान्यात गेल्या. नर्सबाईंच्या हातात पैसे त्यालाच द्यायला लावले, आणि भेग आधीपासून होती हेही त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. नर्सबाईंची जागा वाचली. खडूताईंनी मात्र माफीचं एक अक्षर काढलं नाही. ते काम दादाचं, असं त्यांचं म्हणणं.

नव्या भाडेकरूचं डिपॉझिट त्यांनी स्वतःच्या नावाने वेगळं ठेवलंय. खोल्यांची पाहणी त्यांनी आणि भाडेकरूने मिळून केली, कागदावर दोघांच्या सह्या आहेत. गोल तर आहेतच.

महिनाभर त्या भावाशी बोलल्या नाहीत. मग तो एक पँट घेऊन आला, आखूड करायला. "रागावलीस का अजून?" असं त्याने विचारलं. खडूताईंनी पँट टेबलावर पसरली, खिशाजवळचा तेलाचा डाग शोधला आणि त्याच्याभोवती सावकाश, जाड गोल काढला.

"बघून घे," त्या म्हणाल्या. "हा तुझ्याकडून आलाय."