आवाज न करणारा गारवा

रत्नप्रभाबाई बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नसत. खाली बघत आणि डावा कान जरा पुढे करत. फोन उचलला की आधी पलीकडचा श्वास ऐकत, मग "बोला" म्हणत. चहा गाळताना बोलायचं थांबवत. कोणी आवाज चढवला तर "मी जवळच आहे" एवढंच म्हणत. आणि समोरचा कितीही अडखळला तरी त्याचं वाक्य स्वतः पुरं करत नसत. ही शेवटची सवय स्पृहाच्या सगळ्यात उशिरा लक्षात आली.

स्पृहा शेजारची. मराठीत एम.ए. करून घरी बसलेली. बाईंच्या वयाच्या निम्मीही नाही, तरी दोघींची मैत्री होती. बाई गेल्याला अजून महिना झालेला नाही. स्पृहा अजूनही कुंपणापर्यंत जाते आणि हाक मारायच्या आत परत येते.

बाईंची सगळी नोकरी यवतमाळच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. दारव्ह्याहून, महागावहून ट्रंक कॉल यायचे. लाइन खरखरायची. पलीकडून कोणी दलाल कापसाचा भाव विचारायचा, कोणी दवाखान्यातली बातमी सांगायचा. बुडत चाललेला आवाज धरून ठेवायचा, हे त्यांचं काम. नवरा नरहरराव बाजार समितीत. हर्रासाच्या वेळी भाव पुकारायचे. त्यांचा आवाज अख्ख्या यार्डात जायचा, लाउडस्पीकर बंद पडला तरी कोणाला कळायचं नाही.

मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि आवाज गेला. अगदी गेला नाही. ओठांच्या दोन बोटं पुढे पोचेल एवढा राहिला.

त्या साली त्यांनी लोहाऱ्याच्या बाजूला, दारव्हा रस्त्याच्या वळणावर, नवीन घर घेतलं. समोरच्या गॅलरीला अॅल्युमिनियमच्या चौकटीत चार सरकती तावदानं बसवून काचेची खोली केली. नरहररावांची खुर्ची तिथं. गॅलरी पश्चिमेला. सगळ्यांनी सांगून पाहिलं.

"पश्चिमेकडे काचा कोणी लावते का, बाई? भाजून निघाल."

"रस्ता पश्चिमेला आहे. त्याला मी काय करू?"

खोली रस्त्यासाठीच होती. दारव्ह्याकडची माणसं कापूस विकून याच रस्त्यानं परतायची. नरहररावांना ओळखणारे पुष्कळ. बैलगाडी थांबायची, गाडीवान काचेशी यायचा, वाकायचा. नरहरराव विचारायचे, "काय लागला?" तो भाव सांगायचा. ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. भाव सांगताना त्या माणसांचा आवाज नरहररावांच्या आवाजाएवढाच व्हायचा. तेवढ्यावर नरहररावांचा दिवस उभा होता.

डिसेंबरात सकाळी खोली गार पडायची. शेगडीच्या धुरानं नरहररावांना खोकला यायचा. बाई दुकानात गेल्या, तारेचा हीटर लावून पाहिला, क्षणभर उभ्या राहिल्या आणि "द्या" म्हणाल्या.

"एवढ्या लवकर?" स्पृहानं विचारलं.

"हा बोलत नाही," बाई म्हणाल्या.

स्पृहाला तेव्हा ती गंमत वाटली.

मार्च लागला. दुपारी काचेला हात लावला तर चटका बसू लागला. पुण्याहून मुलाचा, साकेतचा, फोन आला. "आई, एसी लावून टाक. काचा बंद केल्या की गारेगार."

"आणि रस्ता?"

"काचेतून दिसेलच ना."

"दिसेल. बोलेल का? शिवाय दुपारी इथं एसी ओढेल एवढी लाइट असते कुठं?"

एसीचा विषय तिथं संपला. मग कुलर. यवतमाळात कुलरशिवाय उन्हाळा काढता येत नाही, त्यामुळे त्यात निवडायचं काय असतं ते स्पृहाला कळेना. बाई तिला घेऊन औद्योगिक वसाहतीतल्या हरिसिंगच्या शेडवर गेल्या. तो पत्र्याचे कुलर बनवायचा. त्यानं एक सुरू केला. शेडमध्ये घरघर भरली.

"पाहा बाई, हवा पाहा. काश्मीर हाय काश्मीर!"

बाईंनी हवेकडे लक्ष दिलं नाही. "स्पृहा, तू पलीकडे जा. आणि हळू बोल. ह्यांच्यासारखं."

"काय बोलू?"

"काहीही बोल गं. एम.ए. झालीस ना?"

स्पृहा कुलरच्या पलीकडे उभी राहिली. पुटपुटली. बाईंनी कान पुढे केला.

"काय म्हणालीस?"

"मला भूक लागली म्हणाले."

"नाही आलं." बाई पुढच्या कुलरकडे गेल्या. असे शेडमधले सगळे कुलर झाले. लहान, मोठा, प्लास्टिकच्या पंख्याचा, लोखंडी पंख्याचा. हरिसिंग कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"बाई, लोकं कुलरची हवा पाहतेत. तुमी आवाज कायले पाहून राह्यल्या?"

"घरी एक माणूस ऐकायचाय मला."

"मंग ऐकाच्या टायमाले बंद करा ना!"

"बंद केला की तो भाजतो."

हरिसिंग हसला. "बिनआवाजाचा कुलर म्या आजून पाह्यला नाही. बिनआवाजाची बायको पाह्यली नाही, तसाच."

"तुमच्या बायकोनं तरी बिनआवाजाचा नवरा कुठं पाहिलाय?" बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

परतताना भाड्याच्या जीपमध्ये बसल्यावर स्पृहानं विचारलं, "काका काय म्हणतात ते तुम्हाला ओठांवरून नाही कळत? इतक्या वर्षांनी?"

"कळतं ना. जेवण हवंय, पाणी हवंय, कळतं." बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "पण मग मी अंदाज करून उत्तरं देईन. आणि हळूहळू हे बोलायचं सोडतील. कोणी ऐकत नाही म्हटल्यावर माणूस कशाला बोलेल?"

तेव्हा स्पृहाला हीटर आठवला.

उत्तर बाईंना घरीच सुचलं. जुन्या कचेऱ्यांत असायच्या तशा वाळ्याच्या ताट्या. तावदान सरकवायचं, बाहेरून ताटी लटकवायची, तिच्यावर पाणी मारायचं. गरम वारा ओल्या वाळ्यातून आत येताना गार होतो. मोटर नाही, लाइट नाही, आवाज नाही. पण बुरडाकडे आता बांबूच्या टोपल्या आणि कुलरला लावायच्या गवताच्या जाळ्याच होत्या. अशी ताटी कोणी मागत नाही, तो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडून कामट्या चिरून घेतल्या आणि ओट्यावर बसून स्वतः बांधायला सुरुवात केली. कामट्यांची जाळी, तिच्यावर भिजवलेला वाळा, वर दुसरी जाळी, मग सुतळीनं आवळायचं. बोटं कापली. सुतळीच्या गाठी आधी सैल बसायच्या, वाळा खाली घसरायचा. स्पृहा हात लावायला गेली की म्हणायच्या, "तू वाच काहीतरी. हळू वाच. ऐकायचा सराव राहतो."

तीन ताट्या लावून झाल्या. दुपारी वारा सुटला आणि खोलीत ओल्या वाळ्याचा वास भरला. नरहरराव काहीतरी म्हणाले. बाई खुर्चीपासून चार हातांवर होत्या. तिथूनच हसल्या.

"काय म्हणाले?" स्पृहानं विचारलं.

"तहसील कचेरीत बसल्यासारखं वाटतंय म्हणतात. आता हाताखाली शिपाई हवा."

चौथी ताटी नरहररावांच्या खुर्चीसमोरची. तिच्यात झरोका ठेवायचा होता. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, रस्त्यावरून आलेला माणूस वाकून बोलू शकेल एवढा. ती होईपर्यंत तिथं जाड पडदा होता. ऊन उतरेपर्यंत नरहररावांना रस्ता दिसत नव्हता. गाड्या नुसत्या ऐकू यायच्या आणि निघून जायच्या. बाईंना घाई होती ती त्याची.

एका सकाळी स्पृहानं कुंपणावरून पाहिलं. बाई ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर सुतळी. मान किंचित डावीकडे. आत नरहरराव बोलत असतील आणि त्या ऐकत असतील, असं तिला वाटलं. मधे बोलू नये म्हणून ती थांबली. बराच वेळ थांबली.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. ती थांबली नसती तरी काही बदललं नसतं, असंही सांगितलं. स्पृहानं ऐकून घेतलं.

घर माणसांनी भरलं. हरिसिंगला कळलं तेव्हा त्यानं आपणहून शेडमधला सगळ्यात मोठा कुलर पाठवला. माणसं घामाघूम होतील म्हणून. साकेतनं तो काचेच्या खोलीच्या दारात लावला. भेटायला येणारे नरहररावांचा हात हातात घ्यायचे, मोठ्यानं बोलायचे आणि उठायचे. पुण्याला नेणार का, असं साकेतला विचारायचे. साकेतलाही माहीत नव्हतं. नरहररावांचे ओठ हलत होते. लोक म्हणायचे, जप करताहेत बिचारे.

स्पृहा तिसऱ्या दिवशी आत गेली आणि तिनं कुलर बंद केला. सगळे तिच्याकडे बघायला लागले. साकेत म्हणाला, "अगं, उकडेल."

"हो," ती म्हणाली. खुर्चीशी बसली आणि खाली बघत राहिली. नरहररावांना एक शब्द जुळवायला वेळ लागत होता. तिला तो शब्द आधीच कळला होता. तिनं तो उच्चारला नाही.

"पाणी," ते म्हणाले. कोणी तरी पेला आणला. त्यांनी मान हलवली. पुन्हा सुरुवात केली. "पाणी... मारा. ताट्यांवर."

तीन दिवसांत ताट्या वाळून कडकडीत झाल्या होत्या. स्पृहानं घंगाळातलं पाणी तांब्यानं एकेका ताटीवर मारलं. वाळा आधी तडतडला, मग पाणी प्यायला लागला. चौथ्या तावदानापाशी ती तांब्या घेऊन उभी राहिली. तिथं पडदाच होता.

चौथी ताटी ओट्यावर भिंतीशी उभी होती. झरोक्याच्या खालच्या कडेपर्यंत बांधून झालेली. तिथली शेवटची गाठ घट्ट होती. तिथून वर नुसत्या कामट्या होत्या.