एक बाटली उरली होती

डॉ. ढगेमॅडमांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो आणि सगळ्यात आधी आठवला तो माझा गाढवपणा. तोच सांगतो, कारण मॅडम मला त्या दिवशी पहिल्यांदा कळल्या.

मी वडनेरच्या शेतकऱ्याचा मुलगा. वर्ध्याला मॅडमांकडे संशोधनाला नुकताच लागलो होतो. चेतापेशी इवल्याशा पिशव्यांतून रसायन सोडून पुढच्या पेशीला निरोप देते. रिकाम्या झालेल्या पिशवीचे आवरण ती पुन्हा आत ओढून घेते, त्याची नवी पिशवी करते, भरते. हे आत ओढणे थांबले की भरलेल्या पिशव्या संपतात आणि निरोपही. मॅडमांनी वर्षानुवर्षे जपलेल्या फळमाश्यांत ते उष्म्याने थांबे आणि गारवा मिळाला की पुन्हा सुरू होई.

मे महिन्यातली दुपार. लाइन गेली, कूलर बंद. मी जेवून येतो तो माश्या बाटल्यांच्या तळाशी निपचित! शेजारच्या फळीवर साध्या माश्या खुशाल उडत होत्या, पण तिकडे बघतो कोण? मेल्या समजून मी बाटल्या फिनेलने धुवायला घेतल्या. मॅडम आल्या तेव्हा एकच उरली होती.

"काऊन धुतल्या रे? मेल्या नाई त्या, पडल्या."

माठाचे ओले फडके त्यांनी बाटलीभोवती गुंडाळले आणि समोर स्टूल घेऊन बसल्या. थोड्या वेळाने एका माशीने पाय हलवला, मग दुसरीने. मला रडूच फुटले.

विभागाने जाब विचारला तेव्हा मॅडमांनी लिहून दिले, "विद्यार्थ्याला सांगायचे माझ्याकडून राहिले." सांगितले होते हो, दोनदा! लाजेने मी काम सोडून गावी निघून आलो. आठवड्याने मॅडम एसटीने वडनेरात हजर. आईला म्हणाल्या, "याले परत धाडजा माय. माश्या उठल्या, हा अजून पडूनच राह्यला." त्या एका बाटलीतल्या माश्यांवर माझा प्रबंध झाला.

यंदा मॅडमांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात अजून उचलता येत नाही. पिपरी मेघेच्या घरी त्यांना भेटायला गेलो आणि त्या हाताकडेच बघत राहिलो. त्याच म्हणाल्या, "असा काय पाहून राह्यला? मेली नाई, पडली."

मॅडम, तुम्हांला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्या माश्यांचा वंश अजून फळीवर आहे. तुमचा हात हलेपर्यंत आम्ही सगळे समोर स्टूल घेऊन बसलो आहोत.