गौरी गाय आणि नीळूचं तिसरं स्थळ

घरात दूध उरलं की त्याला विरजण लागतं, मग ताक होतं, लोणी निघतं. दिवस जातील तसं एकाच दुधाचं काय काय होत जातं! आमच्या किश्शांचं तसंच आहे. जनावरांच्या वर्गात एकत्र शिकलेले आम्ही चारपाच जण अजून हुबळीत जमतो, आणि दर खेपेला तीच गाय थोडं जास्त दूध देते. माझ्याबद्दल तर लोक म्हणतात, ह्याचं निम्मं सोडून द्यावं. खुशाल सोडा. फक्त कुठलं निम्मं सोडायचं, ते मला विचारून सोडा!

लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. धारवाडच्या बाहेर जनावरांचा एक मोठा फार्म होता आणि तिथं वर्षभराचा क्लास चालायचा. दूध काढणं, वासरं सांभाळणं, वैरण, औषधपाणी, सगळं शिकवायचे. पास झालं की स्टॉकमन. मी हुबळीच्या कमरीपेठेतला, बांगडीच्या दुकानातला. घरून निघालो तेव्हा आमचे काका म्हणाले, "म्हणजे इतकं इंग्रजी शिकून शेवटी शेणच काढणार की!"

मी म्हटलं, "काका, पण शास्त्रशुद्ध!"

*

पहिला महिना आम्हाला खऱ्या गाईला हात लावू दिला नाही. दीक्षित मास्तर पुण्याचे, फार शिस्तीचे. त्यांनी सुताराकडून फळ्यांची एक गाय करून घेतली होती. पोटात पाण्याचा डबा, खाली सायकलच्या ट्यूबचे चार सड. त्यातून पाणी काढायचं. (एकदा तिनं मला लाथ मारली. तिचा मागचा पाय ढिला होता असं मास्तर म्हणतात. लाथ मी खाल्ली आहे, मास्तरांनी नाही.)

आमच्यात एक नीळकंठ होता. नीळू. धारवाडचाच, किडकिडीत, मोठ्या मिशांचा. त्याची पाळी आली की तो आधी त्या फळ्यांच्या पाठीवरून हात फिरवायचा, मानेखाली खाजवायचा, "हं बाई, हं" म्हणायचा आणि मग खाली बसायचा.

मास्तर एकदा वैतागले. "अरे, ती लाकडाची आहे!"

"हो मास्तर," नीळू म्हणाला, "पण माझा हात लाकडाचा नाही ना. त्याला सवय लागू दे."

*

फार्मवर सुभेदार नावाचा वळू होता. डोंगराएवढा! सावलीत अख्खा टांगा उभा राहायचा. एकदा हा सुटला आणि रस्त्याच्या मधोमध बसला. दोन्हीकडं गाड्या खोळंबल्या. गोठ्याचा मुकादम यल्लप्पा ओरडून थकला. काठी दाखवली, पेंड दाखवली. सुभेदार ढिम्म!

शेवटी दीक्षित मास्तर पुढं झाले. त्यांना कन्नड येत नव्हतं असं नाही, पण जे काय येत होतं ते घरमालकिणीच्या ओसरीवर, पाहुण्यांची उठबस ऐकून शिकलेलं. त्यांनी वळूपुढं चक्क हात जोडले. "बर्री, अप्पा, बर्री!" म्हणजे, यावं महाराज, यावं!

सुभेदार उठला आणि मास्तरांच्या मागोमाग थेट गोठ्यात.

यल्लप्पानं कपाळावर हात मारला. "संपलं! आता आमच्या शिव्यांना हा भीक घालणार नाही."

तसंच झालं. पुढं वर्षभर फार्मवरची माणसं मामलेदाराच्या पाठीमागं त्याला एकेरीत बोलायची, पण सुभेदाराला नाही!

*

आता नीळूच्या लग्नाचं सांगायला हवं, कारण त्या वर्षी आमचा खरा विषय तोच होता.

नीळूची आई तो लहान असताना गेली. त्याला वाढवलं अक्कानं, थोरल्या बहिणीनं. ती स्वतः लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी परत आलेली, डोकीवरून पदर घेऊन. रविवारी आमच्यासाठी शेंगाचटणीचा डबा घेऊन फार्मवर यायची आणि तेच ते बोलायची, "मी काय ह्याला जन्मभर पुरणार आहे? माझ्यामागं ह्याच्या पानात कोण वाढणार, एवढं बघितलं की मी सुटले."

पहिलं स्थळ आलं. नेमकं त्याच आठवड्यात मास्तरांनी आम्हाला जनावरांचे दात बघून वय ओळखायला शिकवलं होतं. आम्ही दिवसभर बैलांच्या जबड्यात डोकं घालून असायचो. मी स्वप्नातसुद्धा दात बघत होतो.

बैठकीत मुलीचे मामा होते, बिजवर, स्वतःही स्थळ शोधत असलेले. पान खाऊन हसत म्हणाले, "माझं काय, मी अजून पस्तिशीत!"

नीळू एकटक त्यांच्या तोंडाकडं बघत होता. बोलून गेला, "छे हो, पन्नास सहज! खालचे पुढचे दात बघा की, किती झिजलेत!"

मामांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. नीळूला वाटलं मामा खट्टू झाले, म्हणून त्यानं मनापासून धीर दिला, "पण बांधा उत्तम आहे तुमचा. अजून कामाला चालाल!"

*

दुसऱ्या स्थळाच्या वेळी अक्कानं त्याला शपथ घातली, तोंड उघडायचं नाही. शिकेकाईनं न्हाऊ घातलं, अत्तर लावलं, माझा कोट चढवला. मी बरोबर गेलो. नीळू भिंतीला टेकून गप्प बसला. सगळं छान चाललं होतं.

पण ह्या प्राण्यानं माझ्या कोटाच्या खिशातसुद्धा सवयीनं मिठाचा खडा टाकला होता! जनावर बुजलं की आधी मीठ चाटवायचं, असा त्याचा रिवाज. परसातल्या वासराला त्याचा सुगावा कसा लागला देव जाणे. दाव्यासकट उधळत ते बैठकीत शिरलं आणि नीळूच्या खिशात तोंड घालून उभं राहिलं. बैठकीतली मंडळी उठून कोपऱ्यात सरकली. नीळूनं डोळे मिटून त्याची मान खाजवायला घेतली. मुलगी पोहे घेऊन आली, उभी राहिली, परत आत गेली. ह्याला पत्ता नाही!

चार दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आला. "मुलगा सालस आहे म्हणतात. पण त्यानं वासराला पसंत केलं."

आम्ही पोट धरून हसलो. नीळूही हसला. अक्का हसली नाही. डब्याचं झाकण नुसतं उघडत राहिली, लावत राहिली.

"हसा रे," ती म्हणाली. "ह्याचा चांगुलपणा बघायला माणसांना चार पायच लागतात की काय, कुणास ठाऊक."

*

ह्याच सुमारास फार्मवर गौरी आली. अळणावरकडच्या खेड्यातली गाय. तिची मालकीण म्हातारी झाली, लेकीकडं राहायला गेली, आणि गाय आमच्याकडं आली. दिसायला देखणी, स्वभावानं गरीब, पण दूध म्हणून सोडेना! मास्तरांनी गरम पाण्यानं कास शेकली, भिजवलेली सरकी चारली. मी तिला गाणं म्हणून दाखवलं, तेव्हा होतं तेही आटलं. एकट्या नीळूच्या हाताला ती ओंजळभर द्यायची, तेही उपकार केल्यासारखी.

एके दिवशी नीळू पळत आला. "अरे, झाडणारी बाई गोठ्यात आली आणि गौरीनं पान्हा सोडला! हात न लावता! तिनं आजवर लुगडंच बघितलंय रे. धोतर म्हणजे परका माणूस वाटतो तिला!"

"मग मास्तरांना सांग, क्लासला लुगडी द्या म्हणून," मी म्हटलं.

तेवढ्यात परीक्षा आली. कुणाला कुठली गाय, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. नीळूच्या चिठ्ठीत गौरी! बादली रिकामी राहिली तर नापास. मास्तर हळहळले, पण नियम म्हणजे नियम.

आणि अक्कानं त्याच दिवशी तिसरं स्थळ बोलावून ठेवलेलं! केशवापूरचे शामराव, रेल्वेच्या हापिसातले. मुलगी शारदा, सातवी पास. अक्कानं त्यांना स्वच्छ सांगितलं होतं, "मुलगा बघायचा तर कामावर बघा. बैठकीत बसवला की तो बिघडतो." मुलीनं मुलगा बघायला जायची पद्धत नव्हतीच. पण शामराव म्हणाले, फार्म बघायला म्हणून सगळेच जाऊ. त्याला कोण नावं ठेवणार?

अक्का मला म्हणाली, "हे तिसरं. हेही गेलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही रे. माझ्यात बळ नाही."

*

परीक्षेच्या दिवशी पहिल्या गाईपाशी एक्झॅमिनर पोचले तेव्हा नीळू खोलीत ट्रंक उघडून बसला होता. ट्रंकेच्या तळाशी त्याच्या आईचं इरकली लुगडं होतं. थंडीत तो घोंगड्याच्या आत ते पांघरायचा. आमच्यातल्या कुणी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. मीसुद्धा नाही, आता बोला!

"नेसव," तो मला म्हणाला.

"मी? अरे, मी बांगडीवाला! कोपरापर्यंतचं मला कळतं, पुढचं नाही!"

शेवटी मी एक टोक धरलं, यल्लप्पानं दुसरं, आणि नीळू मधे भोवऱ्यासारखा फिरला. कासोटा कसाबसा बसला. पदर काही केल्या डोक्यावर टिकेना. मिशांचं काय करायचं ते कुणाला सुचलं नाही. तसाच तो गोठ्यात जाऊन गौरीपाशी बसला.

गौरीनं मान वळवली. पदर हुंगला. पुन्हा हुंगला. मग इतका लांब श्वास सोडला की खालची वैरण हलली. आणि धार लागली! बादलीत असा आवाज, जणू पत्र्यावर वळवाचा पाऊस! फेस वर चढत चालला. नीळू गाईच्या पोटाला कपाळ टेकून, "हं बाई, हं" म्हणत होता.

तेवढ्यात दारात दीक्षित मास्तर आणि एक्झॅमिनर. त्यांच्या मागं शामराव, त्यांच्या मागं शारदा, आणि सगळ्यात शेवटी अक्का.

एक्झॅमिनरनी चष्मा पुसला. "ही बाई कोण?"

मास्तरांनी बादलीकडं पाहिलं, मिशांकडं पाहिलं. घसा खाकरला आणि ताठ उभे राहिले. "आमचा पहिल्या नंबरचा विद्यार्थी!"

शामरावांचं तोंड उघडं ते उघडंच. अक्का पुढं आली, तिची नजर लुगड्याच्या काठावर गेली, आणि ती तिथंच पेंडीच्या पोत्यावर बसली. मी देवाला म्हटलं, गेलं, तिसरंही गेलं!

नीळूच्या डोक्यावरचा पदर घसरला. खांद्यावरून निसटून खाली लोंबायला लागला. हात दोन्ही गुंतलेले. सोडावेत तर गौरी दूध वर चढवून धार बंद करणार, न सोडावेत तर पदर बादलीत जाणार. तो नुसता मान वाकडी करून पदर अडवायला बघत होता.

शारदा बापाच्या मागून निघाली. गोठ्यातल्या ओल्या फरशीवरून सावकाश चालत गेली. पदर उचलला, झटकला, त्याच्या डोक्यावरून नीट घेतला आणि टोक कमरेला खोचलं. गौरीनं शेपूटसुद्धा हलवलं नाही. धार चालूच.

"अगं शारदे!" शामराव कसेबसे म्हणाले. "हे काय?"

शारदा वळली.

"दुधात पडला असता, अप्पा."