दादाचा उजवा हात

गाड्यांविषयी लिहायचा मला खरं तर अधिकार नाही. सायकलपलीकडे मी काही चालवलेलं नाही, आणि आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. लिहायची रीतही नीटशी ठाऊक नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

माझा थोरला भाऊ धरमपेठेतल्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होता. शहराबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर हौशी लोक एक दिवस गाड्या पळवणार होते. डॉक्टरांनी नाव दिलं, पण ऐन वेळी त्यांची कंबर धरली. ते दादाला म्हणाले, "तूच चालव." नियम इंग्रजीत होते, ते समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

गाडीचं सोपं होतं. मागची सीट आणि स्टेपनी काढली, ब्रेकचं तेल बदललं. काच फुटली तरी विखरू नये म्हणून दिव्यांवर चिकटपट्ट्या लावल्या. बाहेर लटकतं काही चालणार नव्हतं; आईने बांधलेलं लिंबू-मिरची सोडताना मात्र दादा घुटमळला. शेवटी ते त्याने खिशात ठेवलं.

अडचण त्याच्या हाताची होती. पळताना हात खिडकीबाहेर दिसला की गाडी बाद. फक्त शेवटी धावपट्टीवरून बाहेर पडताना, मागच्यांना कळावं म्हणून, तो वर करून दाखवायचा. आणि दादा तर इतकी वर्षं प्रत्येक वळणावर हात दाखवत आलेला.

हुडकेश्वरकडच्या रिकाम्या रस्त्यावर आम्ही सराव करायचो. हात निघाला की मी शेजारून त्याला पट्टीने टोचायचो.

"अबे, मारून राहिला काय मले?"

"हात आत घे ना, दादा."

"मी कुठं काढून राहिलो? थो आपोआपच निघते."

"मंग बाद होशीन."

त्याने हात आत ओढला. पुढच्या वळणावर म्हणाला, "रोज सायबाच्या घाईनं चालवतो. एक डाव त मले माह्या मनानं पळवू दे."

गाड्या पळवायच्या दिवशी नेमकी माझी प्रॅक्टिकल परीक्षा होती. घरी येऊन मी उंबऱ्यावर बसून राहिलो. संध्याकाळी डॉक्टरांचा कंपाउंडर सायकलवरून आला. तो डॉक्टर आणि दादासोबत धावपट्टीवर गेला होता.

"हात काढला काय त्यानं?" मी विचारलं.

"नाही ना बाप्पा! साऱ्या चकरा झाल्या, हात आतच. पन बाहेर निघाचं तवाबी काढेच ना! डॉक्टरसाहेब वरडून राहिले, आता दाखव, आता दाखव! अन् हा आपला फिरूनच राहिला."

"मंग?"

"मंग काय, एक चक्कर जास्तीची मारली. तवा कुठं काढला, अस्सा!" त्याने एक पाय जमिनीवर टेकवून हात उंच केला. "गाडीले ओरखडा नाही. गाडी ठेवून येऊनच राहिला थो."