रहस्यपट आणि दुपारचा चहा

रविवारी दुपारी टीव्हीवर जुने कृष्णधवल रहस्यपट लागतात. त्यांत खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या माणसांच्या चेहऱ्यांवर पडतात, आणि खून कोणी केला ते मला शेवटपर्यंत कळत नाही. माझ्या बायकोला, नंदाला, मेथी निवडता निवडता कळतं.

"हाच तो," आज तिने मेथीची काडी टीव्हीकडे रोखली.

"अगं, तो बिचारा तर सगळ्यांची विचारपूस करतोय."

"म्हणूनच. काही केलेलं असलं की माणूस फार गोड वागायला लागतो."

मी त्या माणसाकडे नव्याने पाहू लागलो. तो कुणाचा कोट धरत होता, कुणाची सिगारेट पेटवून देत होता. आपण असे का वागतोय, हे त्याचं त्याला तरी कळत असेल का?

गेल्या वर्षी अशाच एका दुपारी नंदा झोपलेली असताना तिच्या आईचा फोन आला होता. "उठली की फोन करायला सांगा," त्या म्हणाल्या. मी विसरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या. फोन आला होता हे मी नंदाला अजून सांगितलेलं नाही. दुपारचा चहा मात्र तेव्हापासून मीच करतो.

जाहिराती लागल्या तसा मी सवयीने उठलो, चहा केला आणि कप नंदापुढे ठेवला. खिडकीच्या गजांची सावली माझ्या हातावर पडली होती. नंदा कपाकडे पाहत होती, मग माझ्याकडे.

सिनेमा पुन्हा सुरू झाला. मी टीव्ही बंद केला.

"नंदा, तुझ्या आईचा एक निरोप द्यायचा राहिलाय."