तांब्याभर ताक

हे म्या आजवर कुणाला सांगितलेलं न्हाय. नवऱ्याला न्हाय, पोटच्या पोरीला न्हाय. देवापुढं हात जोडले तरी एवढं गिळून बसायची. मग तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही आमच्या ईट गावचे न्हाय, म्हणून असंल.

आमच्या घरी खव्याची भट्टी. सकाळी गल्लीभरचं दूध येतं, अन् ते एकदा कढईत पडलं की दुसरं काय सुचूच देत न्हाय. हलवत राहायचं. दुपारी व्यापाऱ्याची गाडी येते, तो देईल तो भाव घ्यायचा, की संध्याकाळचं दूध दारात. अन् खरं सांगू? — मला ते लई आवडायचं. दूध उतू चाललं, लाकडं ओली निघाली, गाडी लवकर आली, की सगळे आक्का-आक्का करत माझ्याकडं धावायचे. घरातली थोरली सून मी. त्या धांदलीतच माझा मान होता.

धाकटी जाऊ सुमन निराळी. हात कढईत अन् डोकं पुढच्या दिवाळीत. ती म्हणायची, थंडीत दूध रग्गड असतं तवा भाव पडतो, अन् सणाला भाव चढतो तवा आपल्याकडं माल नसतो. गल्लीतल्या बायांनी मिळून मोठा फ्रीजर घ्यायचा, खवा साठवायचा. दारोदार फिरून तिनं बाया जमवल्या. मलाबी कितीदा बसवून समजावलं. मी हसण्यावारी न्यायची.

फ्रीजरला मदत देणारी माणसं तालुक्याला, भूमला येणार होती. त्यांच्यापुढं सुमननं त्याच दिवशी जाऊन बोलायचं, न्हायतर मदत दुसऱ्या गावाला. ती ठेवणीतली साडी नेसून निघाली. कधी नव्हं ती खुशीत होती, बिचारी.

अन् मला काय वाटलं? — आता सगळे हिचंच ऐकणार. ही धांदल सरली तर आक्काला कोण विचारतंय?

भट्टीवर दूध उकळत होतं. शेजारी आंबट ताकाचा तांब्या. — म्या तो ओतला. व्हय, ह्याच हातानं. चुकून न्हाय. दूध फाटलं, अन् बोंबबी मीच ठोकली.

सुमन दारातनं माघारी आली. पदर खोचला, फडकं घेतलं, कढईशी बसली. एसटी गेली. मी रडत होते — खरंच रडत होते, कशापायी कुणास ठाऊक. तिनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला.

"आक्का, जीवाला लावून घेऊ नका. दुधाचा कॅन माझ्याकडनंच नीट विसळला गेला नसंल."

तवा बोलायचं होतं. एवढंच तर बोलायचं होतं — न्हाय बोलले.

फ्रीजर दुसऱ्या गावाला गेला. बायांनी सुमनला नाही नाही ते ऐकवलं, एका कॅनपायी सगळ्यांचं घालवलंस म्हणाल्या. मी तिथंच उभी होते. त्यानंतर तिनं पुढच्या दिवाळीचं नाव कधी काढलं न्हाय.

आता ती रोज कॅन कढत पाण्यानं दोनदा धुती. बोटं लालबुंद होतात. तरी तिचा तिच्यावर भरवसा न्हाय. कॅन माझ्यापुढं धरती अन् म्हणती, "आक्का, तुम्ही जरा वास घेऊन बघा."

मी वास घेते. अन् सांगते, चांगला हाय.